विदर्भाचं खजुराहो? नको, मार्कंडाच म्हणा

"विदर्भाचं खजुराहो" हे दोन शब्द पुढची दहा वर्षं कुणी वापरू नयेत, असा नियम करता आला असता तर मी तो आज दुपारीच केला असता. नियम करायचे अधिकार मला घरातसुद्धा नाहीत, म्हणून इथे लिहून मोकळी होतेय.

विषय अर्थातच मार्कंडा. गडचिरोली जिल्हा, चामोर्शी तालुका, वैनगंगेचा डावा काठ. आमच्या आजीच्या भाषेत जिल्हा चांदा. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला आणि आजीच्या डोक्यातला नकाशा त्याच्या कितीतरी आधी छापून झाला होता. तिथे लहानमोठ्या देवळांचा समूह आहे, त्यात मार्कंडेश्वराचं मुख्य देऊळ, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगा. काळ साधारण अकरावं-बारावं शतक धरतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आमच्या घरातली निम्मी मंडळी त्या जत्रेत कधी ना कधी हरवलेली आहेत.

या देवळाबद्दल जे जे लिहिलेलं माझ्या वाचनात येतं, नातेवाईकांच्या ग्रुपवर जे जे फिरत येतं, त्याचा साचा ठरलेला. पहिल्या ओळीत खजुराहो. दुसऱ्या ओळीत "अप्रतिम शिल्पकला". तिसऱ्या ओळीत "आयुष्यात एकदा तरी अवश्य भेट द्या". संपलं. यातली एकही ओळ लिहायला मार्कंड्याला जावं लागत नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

आता साम्य नाही असं मी म्हणत नाही. दोन्हीकडे वर वळत जाणारं नागर पद्धतीचं शिखर, दोन्हीकडे भिंतींवर मूर्तींचे पट्टे. पण खजुराहोची देवळं बहुतेक चंदेल राजांच्या काळातली, साधारण इसवी सन ९५० ते १०५० च्या दरम्यानची, आणि इथून पाचशे किलोमीटरहून लांब. एका ठिकाणाचं नाव दुसऱ्याला दिलं की दुसरं ठिकाण पहिल्याची स्वस्त आवृत्ती होऊन बसतं. शिवाय खजुराहो म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खुद्द खजुराहोतसुद्धा मैथुनशिल्पं एकूण शिल्पांच्या मानाने थोडीच आहेत. पण नाव तसं पडलंय ना! मग मार्कंड्याला आलेला माणूस भिंतीवर तेवढंच शोधत फिरतो. सापडलं तर हसतो, नाही सापडलं तर "खजुराहोसारखं काही नाही हो" म्हणत उसाचा रस प्यायला जातो. दोन्ही वेळा देऊळ बघायचं राहूनच जातं.

याच जातीचा दुसरा शिक्का म्हणजे "हेमाडपंती". काळा पडलेला जुना दगड दिसला की आपल्याकडे हेमाडपंती. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मार्कंड्याचं देऊळ त्याच्या आधीचं धरतात, आणि त्याची घडणही वेगळी. पण शिक्का तयार असला की कोण बघतंय.

गंमत म्हणजे मार्कंड्याला आणखी एक उसनं नाव आहे, "विदर्भाची काशी". त्या नावाशी माझं भांडण नाही. का नाही, ते सांगते. वैनगंगा एरवी दक्षिणेकडे वाहते आणि मार्कंड्यापाशी वळण घेऊन उत्तरेकडे जाते. काशीला गंगाही अशीच उत्तरवाहिनी आहे. ज्या कुणी पहिल्यांदा मार्कंड्याला काशी म्हटलं, त्याने काठावर उभं राहून पाण्याची दिशा पाहिली होती. सूर्य कुठे उगवतो आणि पाणी कुठे जातं, हे त्याच्या डोळ्यांनी टिपलं होतं. आधी बघणं झालं, मग नाव सुचलं. खजुराहोच्या बाबतीत उलटं होतं. आधी नाव येतं आणि बघण्याची गरज संपते. उसनं नाव वाईट असतं असं नाही. ते कितव्या पायरीवर आलं ते महत्त्वाचं.

पायऱ्यांचं म्हणाल तर त्या तीनच आहेत आणि त्यात काही गूढ नाही. रूप, संदर्भ, अर्थ. म्हणजे समोर नक्की काय दिसतंय. ते कुणी, कधी, कुठे, कशासाठी केलं आणि नंतर त्याचं काय काय झालं. आणि या दोन्हींतून त्याचा अर्थ काय लागतो. एर्विन पॅनोफ्स्की नावाच्या जर्मन अभ्यासकाने १९३९ साली थोड्या वेगळ्या शब्दांत अशाच तीन पायऱ्या मांडल्या. आपल्याकडे बा. सी. मर्ढेकरांनी रूपाच्या बाजूने जोरदार वकिली केली. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर त्यांनी सगळं सौंदर्य तोलून बघितलं. नागपुरात शिकवणारे शरच्चंद्र मुक्तिबोध दुसऱ्या टोकाला. माणूस आणि त्याचा समाज वगळून सौंदर्याची भाषा त्यांना पटत नव्हती. हे वाद वाचायला मला आवडतात. पण आपलं सर्वसामान्य मराठी माणसाचं दुखणं या दोघांच्याही अलीकडचं आहे. आपण ना रूप बघत, ना संदर्भ विचारत. चित्र असो, मूर्ती असो, आपला पहिला प्रश्न एकच. "याचा अर्थ काय?"

अर्थ आधी विचारला की उत्तर कुणीतरी दुसराच देतो. गाइड देतो, फलक देतो, फॉरवर्ड देतो. आणि ते उत्तर एकदा खिशात पडलं की डोळ्यांना सुट्टी.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. चेकवरची सही तपासायची असते तेव्हा नाव वाचायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. नाव वाचलं की मेंदू "बरोबर आहे" म्हणून मोकळा होतो. अक्षर कुठे वळलंय, पेन कुठे दाबलंय, रेघ कुठे तुटलीय ते बघायचं. मूर्तीचंही तेच आहे. नाव वाचून मूर्ती पास करू नका.

हे सगळं आत्ताच उफाळून यायचं कारण आमची भाची. सातवीत आहे. शाळेची सहल एका जुन्या देवळाला गेली होती, आणि परत आल्यावर लिहायला प्रश्न होता, "शिल्पातून तुम्हाला कोणता बोध मिळाला?" पोरीने लिहिलं की एका बाईच्या मूर्तीला डोकं नाही, पण ती कुणीकडे बघत असेल ते तिच्या खांद्यावरून आणि कमरेवरून कळतं. यावर लाल पेनने शेरा आला, "विषयाला सोडून." शेजारच्या मुलीने "आपल्या पूर्वजांची थोर संस्कृती जपावी हा बोध मिळाला" असं लिहून पूर्ण गुण घेतले.

मला बाईंवर राग काढायचा नाही, त्यांना प्रश्नच तसा दिला गेला असणार. पण मंडळी, वर्गातल्या सगळ्यांत एकट्या त्या पोरीने शिल्प बघितलं होतं! मान नसताना मानेची दिशा ओळखायला शरीराचा बाक, वजन कुठल्या पायावर आहे, कुठला खांदा खाली गेलाय, हे सगळं पाहावं लागतं. रूप वाचणं म्हणतात ते हेच. ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि आता ती ते पुन्हा लिहिणार नाही, याचं मला वाईट वाटतंय.

तर मार्कंड्याला रूपापासून सुरुवात कशी करायची? त्याची युक्ती देवळातच आहे आणि आपल्या आज्यांना ती पाठ होती. प्रदक्षिणा. देवाला उजव्या हाताला ठेवून बाहेरून फिरायचं. आपण ती पुण्यासाठी करतो, पण देवळाच्या भिंतीचं वाचन करायची ती उत्तम रीत आहे. भिंत सपाट नसते. ती पुढे येते, मागे जाते, कोपरे घेते, आणि त्यामुळे प्रत्येक पावलाला काही मूर्ती उजेडात येतात, काही सावलीत जातात. कुठली मूर्ती मधल्या मोठ्या कोनाड्यात आहे आणि कुठली कोपऱ्यात उभी आहे, हे बघा. मधली जागा मानाची. कोण देव, कोण सेवक, कोण नुसती शोभा, याचं निम्मं उत्तर जागाच देते. सकाळी फिरलात तर संध्याकाळी पुन्हा फिरा. तीच भिंत वेगळी दिसते. फोटो नंतर काढा, आधी एक फेरी रिकाम्या हाताने मारा.

आता आतल्या मंडपाची गोष्ट. या देवळाच्या मंडपात कोरीव कामाशी अजिबात न जुळणारे जाडजूड ओबडधोबड खांब आणि कमानी होत्या. ज्यांनी जुनं देऊळ पाहिलंय त्यांना आठवतील. आमच्याच घरातली प्रतिक्रिया होती, "शी, एवढ्या सुंदर देवळात हे काय घुसडलंय!" रूपाच्या बाजूने ही तक्रार अगदी रास्त आहे. खटकलं पाहिजेच. मूळ बांधणी तुळई आणि खांबांची, दगडावर दगड आडवा ठेवत जाणारी. कमान ही वेगळ्या काळाची, वेगळ्या हाताची भाषा. डोळ्याला खटकलं म्हणजे डोळा काम करतोय. पण खटकल्यावर "शी" म्हणून थांबायचं नसतं. तिथून दुसरी पायरी सुरू होते. हे इथे का आहे?

उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथे आला होता. त्याच्या अहवालातली हकिकत अशी की देवळावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग कोसळला, मंडपाचं छत मोडलं, आणि पुढे चांद्याच्या गोंड राजघराण्यातल्या कुणीतरी हे भक्कम खांब आणि कमानी घालून मंडप सावरला. म्हणजे तुम्ही ज्याला घुसडलेलं म्हणता तो टेकू आहे. तो दिला गेला नसता तर तुमच्या त्या सुंदर कोरीव कामातलं किती काम उभं राहिलं असतं, याचा विचार करा.

आणि आता तिसरी पायरी. देऊळ कुणाचं? मार्कंडेयाची कथा घराघरात माहीत आहे. सोळाव्या वर्षी मरण ठरलेला मुलगा शिवलिंगाला मिठी मारून बसतो, आणि यम आला तरी शंकर त्याला नेऊ देत नाही. मरणातून वाचवलेल्या पोराच्या नावाचं देऊळ, आणि ते देऊळच कोसळताना गोंड राजाने त्याला धरून ठेवलं. मूळ बांधणाऱ्यांचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, मध्ये शतकं गेलेली. त्याच्या कारागिरांना तसं नाजूक कोरता येत नव्हतं किंवा कोरायला सवड नव्हती. जे जमलं ते त्यांनी केलं. मला विचाराल तर त्या ओबडधोबड खांबांचा अर्थ मंडपातल्या कुठल्याही अप्सरेपेक्षा कमी नाही. पण हा अर्थ "विदर्भाचं खजुराहो" या नावाखाली कधीच दिसणार नाही, कारण खजुराहोत गोंड राजाचे खांब नाहीत. त्या नावाने बघायचं तर ते खांब म्हणजे नुसती अडचण.

ही नुसती रसिकतेची गोष्ट नाही, म्हणून एवढं तावातावाने लिहितेय. गेल्या दशकात पुरातत्त्व खात्याने मुख्य देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं, दगड उतरवले गेले आणि मग काम वर्षानुवर्षं रखडलं. स्थानिक लोकांनी आरडाओरडा केला तो "लवकर पूर्ण करा" यासाठी, आणि तो योग्यच होता. पण देऊळ उतरवून पुन्हा रचायचं म्हटलं की एक प्रश्न येतोच, आणि तो इंजिनिअरचा नाही, बघणाऱ्यांचा आहे. कुठल्या काळातलं देऊळ रचायचं? अकराव्या शतकातलं, वीज पडण्याआधीचं? की वीज पडलेलं, सावरलेलं, कनिंगहॅमने पाहिलेलं, आपल्या आजीने पाहिलेलं? दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे असू शकतात. माझं म्हणणं इतकंच की हा प्रश्न लोकांनी विचारला पाहिजे, आणि ज्यांच्या डोक्यात नुसतं खजुराहो आहे ते तो विचारूच शकत नाहीत. त्यांना वाटतं उत्तर ठरलेलं आहे.

बरं, आता मार्कंड्याहून चंद्रपूरला या. शहराच्या दक्षिणेला लालपेठ, कोळशाच्या खाणींचा भाग. तिथे उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती आहेत. शिवलिंग, नंदी, गणपती, मारुती, मासा, कासव. देवळात कधीच न बसलेल्या, म्हणून त्या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. रायप्पा नावाच्या एका धनिक कोमट्याने गोंड राजवटीत अचलेश्वरापेक्षा मोठं देऊळ बांधायचा संकल्प सोडला आणि तो पुरा व्हायच्या आधीच गेला, अशी कथा आहे. या सगळ्यांत मोठी शिळा सुमारे पंचवीस फूट लांब. तिच्यावर अनेक तोंडांची एक आकृती कोरलेली आहे. अभ्यासक तिला दुर्गा म्हणतात. गावातले लोक म्हणतात रावण.

इथे शिकलेली मंडळी हसतात. "बघा, दहा तोंडं दिसली की रावण!" मी म्हणते, हसण्याआधी तुम्ही काय केलंत ते सांगा. तुम्ही फलक वाचलात. त्यांनी निदान तोंडं मोजली. तुमच्यापेक्षा ते एक पायरी पुढे आहेत.

फक्त त्यांनी तिथे थांबू नये आणि तुम्हीही थांबू नये. तोंडं मोजलीत, आता हात मोजा, मग पाय मोजा. रावण शिल्पांमध्ये दहा तोंडांचा आणि वीस हातांचा असतो, पण पाय त्याला दोनच. देवीमाहात्म्याच्या परंपरेत महाकालीचं एक ध्यान आहे, दहा तोंडं, दहा हात आणि दहा पाय. म्हणजे निकाल पायांवर आहे! छाती बघा, हातांतली आयुधं बघा, पायाखाली काही आहे का बघा. उत्तर मी मुद्दाम लिहीत नाही. चंद्रपूरची माणसं हे वाचत असाल तर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन मोजा आणि कळवा.

समजा मोजून दुर्गा नक्की झाली. मग संदर्भ. हे महाकालीचं शहर आहे. राणी हिराईने बांधलेलं महाकालीचं देऊळ इथे आहे आणि चैत्रात मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविक येतात. तेव्हा देवीची अवाढव्य मूर्ती इथे घडावी यात आश्चर्य नाही. पण याच दोन जिल्ह्यांत अशीही गोंड गावं आहेत जिथे दसऱ्याला रावणाची पूजा होते आणि रावणदहनाला विरोध होतो, कारण रावण त्यांना आपला पूर्वज, आपला राजा वाटतो. मग "रावण" हे नाव नुसतं अडाणीपण उरतं का? ते नाव कुणी, कधी, कुठल्या भावनेने दिलं हे त्या शिळेवर लिहिलेलं नाही. मूर्ती कुणाची, याचं एक उत्तर तिच्या रूपात आहे. ती आज कुणाला काय वाटते, याची उत्तरं अनेक असू शकतात. पहिलं उत्तर दुसऱ्यांना खोटं ठरवत नाही, आणि दुसऱ्या उत्तरांच्या जोरावर पायांची संख्या बदलत नाही. एवढं सांभाळता आलं की अर्ध्या सांस्कृतिक मारामाऱ्या थांबतील असं माझं मत आहे. (निम्म्या तरी.)

संदर्भ सोडला की काय होतं त्याचा आणखी एक नमुना तुम्ही रोज बघता. गडचिरोलीकडच्या एका सरकारी इमारतीची भिंत. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्रिकोणांची माणसं फेर धरून नाचतायत. वारली! वारली ही ठाणे-पालघरकडची, राज्याच्या दुसऱ्या टोकाची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. इथल्या माडिया गोंडांचा तिच्याशी संबंध काय? काही नाही. पण "आदिवासी" असा शिक्का तयार आहे ना.

कुणी जरा अधिक जाणकार असतो तो म्हणतो, वारली नको, गोंड चित्रं काढू. म्हणजे ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेली हरणं, मोर, झाडं. सुंदर असतात, वाद नाही. पण ती शैली ज्याच्यामुळे नावारूपाला आली तो जनगढसिंग श्याम मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा परधान गोंड. जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने तो भोपाळला आला, १९८२ साली उघडलेल्या भारत भवनाशी जोडला गेला, कागद आणि पोस्टर कलर हातात घेतले आणि आधी नव्हतं असं काहीतरी घडवलं. २००१ साली जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला. ही एका माणसाची, त्याच्या नातलगांची, एका जागेची आणि वर्षांची गोष्ट आहे. तिला "हजारो वर्षांची प्राचीन गोंड कला" म्हणून भामरागडच्या रस्त्यावरच्या भिंतीवर चिकटवलं की दोघांवर अन्याय होतो. जनगढचं कर्तृत्व पुसलं जातं, आणि इथल्या माडियांकडे स्वतःचं काय आहे हे विचारायचं राहतं. गोटुलच्या लाकडी खांबांवरचं कोरीव काम, मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभे केलेले दगड. हे दगड बघायला जाणारे तर फारच थोडे. त्यांवर नक्षी नसते, म्हणून "यात बघायचं काय?" बघायचं हे की दगड केवढा निवडलाय, कुठे उभा केलाय, शेजारचे दगड कसे आहेत. आणि मग विचारायचं हे की कुणासाठी. तिथे तर विचारायला जिवंत माणसं आहेत. मार्कंड्याच्या शिल्पकाराला विचारता येत नाही, इथे येतं. तरी आपण विचारत नाही.

आता आक्षेप. आमचे मामा फोनवर म्हणाले, "अगं, खजुराहो म्हटल्याशिवाय पुण्या-मुंबईचे लोक येतील कशाला? नावाने चार पैसे गावात येतात, तुझं काय जातं?" मामा, तुमचा मान राखून सांगते. खजुराहो बघायचं असेल तो खजुराहोला जाईल, तिथे विमानतळ आहे. इथे येणाऱ्याला इथलंच काहीतरी द्यावं लागेल. उत्तरेला वळणारी नदी, विजेने मोडलेलं शिखर, गोंड राजाचा टेकू, हे दुसरीकडे कुठे मिळतं? अस्सल माल घरात असताना नकली लेबल लावून विकणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का?

दुसरा आक्षेप आत्याचा. "देवाला काय चिरफाड करत बघायचं? हात जोडावेत." आत्या, तुझ्याइतकं देऊळ कुणीच बघत नाही. कुठल्या खांबाला कुठे खळगा आहे हे तू डोळे मिटून सांगशील. तू केलेल्या प्रदक्षिणा मी केल्या असत्या तर या विषयावर पुस्तक लिहिलं असतं. माझं भांडण तुझ्याशी नाहीच. माझं भांडण हातही न जोडणाऱ्या आणि डोळेही न उघडणाऱ्यांशी आहे.

तिसरा आक्षेप असा येईल की सामान्य माणसाला संदर्भ कुठून माहीत असणार? पुस्तकं मिळत नाहीत, अहवाल इंग्रजीत. खरं आहे. पण रूप बघायला पुस्तक लागत नाही, सातवीतल्या पोरीला लागलं नाही. आणि रूप नीट बघितलं की संदर्भाचे प्रश्न आपोआप पडतात. कमान का? इतके पाय का? हे वारली इथे कसं? प्रश्न पडलेला माणूस उत्तरापर्यंत पोचतोच. ज्याला उत्तर आधीच मिळालंय तो मात्र कुठेही जात नाही.

तेव्हा आता एक काम सांगते, नातेवाईकांना खास करून. ज्यांच्या ज्यांच्या घरी मार्कंड्याच्या जत्रेतले जुने फोटो असतील ते बाहेर काढा. दगड उतरवण्याच्या आधीचे. त्यात पुढे आपले काका, काकू, स्वेटर घातलेली पोरं उभी असतील. त्यांच्या मागची भिंत बघा, मंडपातला फोटो असेल तर मागचा खांब बघा. फोटोमागे साल लिहा, कुठल्या बाजूला उभं राहून काढलाय ते आठवत असेल तर तेही लिहा. एवढ्या गर्दीत इतक्या वर्षांत इतक्या कुटुंबांनी काढलेले फोटो एकत्र केले तर देऊळ पुन्हा रचलं गेल्यावर काय होतं, काय राहिलं आणि काय गेलं हे निदान आपल्याला सांगता येईल. आणि त्या फोटोंखाली काय लिहायचं असा प्रश्न पडला तर फक्त "मार्कंडा" लिहा. ते पुरेसं आहे.